मार्विन गे : गायक, घर आणि युद्ध

अमेरिकेंतील कृष्णवर्णीय समाजानें विसाव्या शतकाच्या मध्यास जी एक नवी गायनपद्धति घडविली, तिला ‘सोल’ असें नांव पडलें. सोल म्हणजे आत्मा. उपासनेच्या वेळीं उपदेशकानें उच्चरवानें ओळ म्हणावी, जमलेल्या मंडळींनीं टाळ्यांच्या गजरांत तिला उत्तर द्यावें आणि या देवघेवींत गाणाऱ्याचा कंठ दाटून यावा, असें या पद्धतीचें मूळ आहे. तोच कंठ आणि तोच आवेश घेऊन रे चार्ल्स, सॅम कुक, अरीथा फ्रँकलिन यांच्यासारखे गायक प्रार्थनामंदिराबाहेर पडले आणि पूर्वीं ईश्वराला उद्देशून गाइलें जाई तें प्रेमिकांच्या मुखीं घालूं लागले. धर्मनिष्ठ वडीलधाऱ्या माणसांना हा अनाचार वाटला. तरुणांना मात्र तें आपल्याच मनाचें बोलणें वाटलें. गाणें देवाचें कीं बाजाराचें, हा वाद अशा रीतीनें सोल गायकाच्या जन्मापासूनच त्याच्या पाठीशीं लागलेला असे.

या गायकांपैकीं मार्विन गे याचें जीवन विशेष विचार करण्याजोगें आहे. कलावंताचा व्यवसाय, त्याचें कुटुंब आणि राष्ट्राचें युद्ध हे तीन विषय लोक सामान्यतः निरनिराळ्या कप्प्यांत ठेवतात. व्यवसायाची चर्चा व्यापारी करितात, कुटुंबाची नातलग करितात आणि युद्धाची मुत्सद्दी करितात. मार्विन गे याला हे कप्पे कधींच वेगळे ठेवतां आले नाहींत. बळानें आज्ञा करणारा आणि निमूटपणें ती पाळणारा, असें जें नातें त्यानें लहानपणीं घरांत पाहिलें, तेंच त्याला पुढें बराकींत दिसलें, ध्वनिमुद्रणाच्या कारखान्यांत दिसलें आणि व्हिएतनामच्या रणभूमीवरून आलेल्या भावाच्या पत्रांतहि दिसलें. त्याच्या सर्वोत्कृष्ट गाण्याचा उगम या ओळखींत आहे, आणि त्याच्या शोकांतिकेचाहि उगम तेथेंच आहे.

मार्विनचा जन्म २ एप्रिल १९३९ रोजीं वॉशिंग्टन येथें झाला. शहर राजधानीचें खरें. परंतु त्याच्या बालपणीं तेथील शाळा वर्णभेदानें विभागलेल्या होत्या. आई आल्बर्टा ही परक्या घरीं धुण्याभांड्यांचीं व झाडलोटीचीं कामें करून संसाराला हातभार लावी. वडिलांचें नांवहि मार्विनच होतें. ते एका लहानशा ख्रिस्ती पंथाचे उपदेशक होते. हा पंथ ज्यू लोकांप्रमाणें शनिवारचा शब्बाथ पाळी. त्या दिवशीं मुलांचे खेळ आणि करमणूक बंद होऊन प्रार्थना व धर्मग्रंथाचें पठण चालत असे. नियम मोडला कीं मार ठरलेला. मार्विनच्या थोरल्या बहिणीनें पुढें सांगितल्याप्रमाणें या मारानें त्याचें बालपण व्यापून टाकलें होतें. स्वतः मार्विननें प्रौढपणीं आपल्या वडिलांची तुलना एका लहरी आणि सर्वसत्ताधीश राजाशीं केली. केव्हां प्रसन्न होईल आणि केव्हां कोपेल याचा नेम नाहीं, असा तो राजा होता.

तरी पण या मुलाला गाणें मिळालें तेंहि याच घरांत. तीन-चार वर्षांचा असतांना तो उपासनेच्या वेळीं गाऊं लागला, आणि पियानोवर साथ करावयास वडीलच बसत. जे हात मारीत तेच हात सूर देत. प्रेम आणि भीति यांची अशी गुंफण ज्याच्या बालमनांत झाली, त्याच्या गळ्यांत पुढें एकाच वेळीं लाडीकपणा व व्याकुळता उतरली असल्यास त्यांत नवल नाहीं. मुलाच्या आवाजाचें खरें कौतुक आईला होतें. मंदिराबाहेरचें गाणें वडिलांना मान्य नव्हतें. आईनें मात्र त्याला उत्तेजन दिलें.

सतराव्या वर्षीं, म्हणजे १९५६ सालीं, मार्विननें शाळा अर्धवट सोडली आणि तो अमेरिकन विमानदलांत दाखल झाला. घरच्या जाचांतून सुटण्याचा दुसरा मार्ग त्याला दिसेना. विमानें चालवावयास मिळतील अशी त्याची कल्पना होती. प्रत्यक्षांत हलकीसलकी कामें वांट्यास आलीं. एका राजाच्या राज्यांतून निघून आपण दुसऱ्याच्या राज्यांत आलों, हें त्याच्या लवकरच ध्यानांत आलें. त्यानें वेडाचें सोंग घेतलें, हुकूम पाळावयाचें नाकारलें आणि १९५७ सालीं त्याला सेवेंतून मुक्त करण्यांत आलें. हा प्रसंग लष्करी दृष्ट्या क्षुल्लक होय; परंतु त्याच्या स्वभावाची किल्ली त्यांत आहे. उघड बंड करण्याची त्याची वृत्ति नव्हती. तो काम करावयाचें थांबे, आणि समोरचा थकेपर्यंत थांबून राही.

वॉशिंग्टनमधील तरुण गायकांच्या मेळ्यांतून तो हार्वी फुक्वा या अनुभवी गायकाच्या ‘मूनग्लोज’ मंडळींत शिरला आणि १९६० सालीं त्याच्याबरोबर डेट्रॉइट येथें आला. हें मोटारींच्या कारखान्यांचें शहर. येथें बेरी गॉर्डी नांवाच्या कृष्णवर्णीय तरुणानें १९५९ सालीं कुटुंबाच्या शिलकेंतून ८०० डॉलर उसने घेऊन ध्वनिमुद्रिकांचा व्यवसाय सुरू केला होता. त्याची संस्था पुढें ‘मोटाउन’ या नांवानें जगप्रसिद्ध झाली. गॉर्डी हा पूर्वीं फोर्डच्या कारखान्यांत मजूर होता. एका टोकाला लोखंडी सांगाडा चढवावा आणि हातोहातीं पुढें सरकत दुसऱ्या टोकाला चकचकीत मोटार उतरावी, ही पद्धत त्यानें तेथें पाहिली होती. तीच त्यानें गाण्याला लावली. वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरील एका साध्या राहत्या घरावर त्यानें ‘हिट्सव्हिल’ अशी पाटी लाविली आणि मागील भागांत ध्वनिमुद्रणाची खोली केली. कांहीं मंडळी गीतें रचीत, एक ठराविक वादकवर्ग साथ करी, गायक शेवटीं येऊन आवाज देत. नृत्य शिकविण्यास एक शिक्षक आणि उठण्याबसण्याची रीत शिकविण्यास एक शिक्षिका नेमलेली असे. आठवड्याच्या बैठकींत प्रत्येक नव्या गाण्यावर मतें घेतलीं जात, आणि जें बाजारांत चालेल असें ठरे तेंच बाहेर पडे.

या पद्धतीची केवळ निंदा करणें अन्यायाचें होईल. कृष्णवर्णीयांच्या गाण्याला गोऱ्यांच्या दिवाणखान्यांत मानानें प्रवेश मिळवून देण्याचें काम तिनें केलें आणि अनेक गरीब घरांतील मुलांमुलींना नांवलौकिक दिला. मार्विनलाहि तिनेंच उभें केलें. आरंभीं तो या खोलींत ड्रम वाजवी. गीतरचनेंतहि त्याचा हात होता. ‘डान्सिंग इन द स्ट्रीट’ या १९६४ च्या प्रसिद्ध गीताच्या रचनाकारांत त्याचें नांव आहे. गॉर्डीची थोरली बहीण ॲना हिच्याशीं त्याचा विवाह झाला. ती त्याच्याहून सतरा वर्षांनीं मोठी होती. अशा रीतीनें मालक हाच मेहुणा झाला, आणि धंदा व घर यांमधील उरलासुरला पडदाहि नाहींसा झाला. वडिलांपासून पळालेल्या तरुणाला येथें पुनः एक कर्ता पुरुष मिळाला.

मार्विनची स्वतःची इच्छा निराळी होती. फ्रँक सिनात्रा किंवा नॅट किंग कोल यांच्याप्रमाणें संथ, भारदस्त प्रेमगीतें बसून गावीं, नाचण्याची कसरत करूं नये, असें त्याला वाटे. १९६१ सालीं त्यानें तशी गीतें गाइलीं. तीं खपलीं नाहींत. १९६२ सालीं त्यानें मालकाच्या वळणाचें नाचतें गाणें गाइलें, तें खपलें. तेव्हांपासून सात-आठ वर्षें तो बाजाराला हवें तें गात राहिला. १९६८ सालीं ‘आय हर्ड इट थ्रू द ग्रेपव्हाइन’ हें त्याचें गीत सात आठवडे अमेरिकेंत प्रथम क्रमांकावर होतें. यश याहून मोठें तें कोणतें असावयाचें? परंतु हें यश आपण कमाविलेलें नाहीं, आपण कोणाच्या तरी हातांतील बाहुलें आहों, ही भावना त्याला सोडीना. रंगमंचावर जावयाचें म्हटलें कीं त्याला धडकी भरे.

या काळांतील एका दुःखाचा उल्लेख येथें अवश्य आहे. टॅमी टेरेल या तरुण गायिकेबरोबर त्यानें १९६७ सालीं गाइलेलीं द्वंद्वगीतें अतिशय लोकप्रिय झालीं. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत व्हर्जिनियांतील एका महाविद्यालयांत दोघें गात असतां ती एकाएकीं कोसळली आणि मार्विननें तिला हातांवर झेललें. तिच्या मेंदूंत गांठ झाली होती. पुढें अनेक शस्त्रक्रिया होऊन १६ मार्च १९७० रोजीं, वयाच्या चोविसाव्या वर्षीं, तिचें निधन झालें. प्रेमाचीं गोड गीतें जिच्या मुखांतून कारखान्याच्या वेगानें बाहेर पडत होतीं, ती मुलगी मरणाच्या दारांत उभी होती. या आघातानें मार्विनचें मन गाण्यावरून उडालें. लोकांपुढें गाणें त्यानें बंद केलें.

देशाची स्थितिहि अशीच झाली होती. ऑगस्ट १९६५ मध्यें लॉस एंजेलिस येथील वॉट्स भागांत दंगल उसळली आणि ३४ माणसें मेलीं. मार्विन त्या वेळीं नभोवाणी ऐकत होता. त्याचेंच एक प्रेमगीत चाललें असतां मध्येंच तें थांबवून दंगलीची वार्ता सांगण्यांत आली. जग जळत असतांना आपण हीं प्रेमगीतें कशाला गात आहों, असा प्रश्न त्या क्षणीं आपल्या मनांत उभा राहिल्याचें त्यानें पुढें सांगितलें आहे. दोन वर्षांनीं, जुलै १९६७ मध्यें, खुद्द डेट्रॉइट पेटलें. ४३ माणसें प्राणास मुकलीं आणि राष्ट्राध्यक्षांना शहरांत सैन्य उतरवावें लागलें. एप्रिल १९६८ मध्यें मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला.

आणि दूर आशियांत व्हिएतनामचें युद्ध चाललें होतें. मार्च १९६५ मध्यें अमेरिकेनें तेथें लढाऊ पायदळ उतरविलें. १९७३ पर्यंत अमेरिकन सैन्य तेथें होतें. या युद्धांत ५८,००० हून अधिक अमेरिकन मेले, आणि व्हिएतनामी लोक तर लक्षावधि मेले. भरती सक्तीची होती. परंतु महाविद्यालयांत शिकणाऱ्याला सवलत मिळे, त्यामुळें भार पडला तो गरिबांच्या मुलांवर. आरंभींच्या वर्षांत रणांगणावर पडलेल्यांमध्यें कृष्णवर्णीयांचें प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानानें पुष्कळच जास्त होतें. आपल्या गांवीं ज्यांना उपाहारगृहांत शेजारीं बसूं दिलें जात नव्हतें, त्यांना परदेशीं स्वातंत्र्यासाठीं मरावयास पाठविलें जात होतें. १९६७ सालीं मुष्टियोद्धा महंमद अली यानें भरतीस नकार दिला आणि आपलें विजेतेपद गमावलें, तें याच विषमतेचा उच्चार करून.

या युद्धांत मार्विनचा धाकटा भाऊ फ्रँकी होता. एकाच घरांत, एकाच वडिलांच्या धाकांत वाढलेले हे दोघे. एक दिवाणखान्यांत वाजणारीं गाणीं गात होता, दुसरा चिखलांत आणि मृत्यूच्या छायेंत दिवस मोजीत होता. फ्रँकीचीं पत्रें येत. तो परत आल्यावर दोघे भाऊ रात्रीं बसून बोलत. तिकडे जें पाहिलें तें फ्रँकी सांगे आणि मार्विन ऐके. ऐकतां ऐकतां त्याला दुःख होई, संताप येई आणि लाजहि वाटे. कारण भाऊ तेथें असतांना आपण येथें काय करीत होतों, या प्रश्नाला त्याच्यापाशीं उत्तर नव्हतें. शिवाय घरीं परतलेल्या सैनिकाला काम मिळेना, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना त्याच्या अनुभवाशीं कर्तव्य नव्हतें. युद्ध संपवून आलेल्या मनुष्याला घर परकें वाटावें, ही गोष्ट मार्विननें भावाच्या डोळ्यांत वाचली.

अशा मनःस्थितींत त्याच्याकडे एक गीत आलें. ‘फोर टॉप्स’ या गायकमंडळांतील रेनॉल्डो बेन्सन हा १५ मे १९६९ रोजीं कॅलिफोर्नियांतील बर्कली येथें होता. तेथें एका मोकळ्या जागेच्या वादावरून तरुण आणि पोलीस यांच्यामध्यें चकमक झाली आणि एक तरुण ठार झाला. तें पाहून हें चाललें आहे तरी काय, असा उद्गार त्याच्या मनांत घोळूं लागला. ॲल क्लीव्हलंड या गीतकाराच्या साह्यानें त्यानें गीत बांधलें. त्याच्या सहकाऱ्यांना तें निषेधाचें गाणें वाटलें आणि त्यांनीं तें नाकारलें. मार्विननें मात्र त्यांत आपले शब्द घातले आणि चालहि फिरविली. ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ असें त्याचें नांव. वाक्य प्रश्नाचें आहे, परंतु नांवापुढें प्रश्नचिन्ह छापलेलें नाहीं. विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक असावें आणि तरीहि त्यानें विचारावें, असा कांहीसा तो सूर आहे.

या गीताचें वैशिष्ट्य असें कीं राजकारणाविषयीं असूनहि तें राजकारण्यांशीं बोलत नाहीं. तें क्रमानें आईला, भावाला आणि वडिलांना हांक मारतें. शोक आईपाशीं सांगतें, मरणाची गणना भावापाशीं करतें, आणि वडिलांपाशीं आल्यावर त्याचा सूर आर्जवाचा होतो. बळाच्या जागीं प्रेमाचा मार्ग तें सुचवितें. राष्ट्राचें युद्ध घराच्या उंबरठ्यावर आणून ठेवावें आणि घरांतल्या माणसांनींच त्याचा निवाडा करावा, ही कल्पना दुसऱ्या कोणास सुचली असती तर ती केवळ एक काव्ययुक्ति ठरली असती. मार्विनच्या बाबतींत ती अक्षरशः खरी होती. आई, भाऊ आणि वडील हे तिघेहि त्याच्या घरचेच होते.

जून १९७० मध्यें त्यानें हें गीत मुद्रित केलें. तेथील गमती पुढें प्रसिद्ध झाल्या. सॅक्सोफोनवाला ईलाय फाँटेन आपलें वाद्य तापविण्यासाठीं सहज कांहीं स्वर वाजवीत होता. मार्विननें तेच आरंभीं ठेवले. बास गिटार वाजविणारा जेम्स जेमर्सन मद्याच्या अंमलाखालीं आलेला होता, त्याला बसवेना. त्यानें जमिनीवर उताणें पडून वाजविलें, आणि तें वादन आज आदर्श समजलें जातें. मार्विननें मुख्य गाणें दोन वेळां गाइलें होतें. दोहोंतील चांगलें निवडावें म्हणून त्यानें तीं ऐकावयास मागितलीं, तर तंत्रज्ञाच्या हातून दोन्ही एकदम वाजलीं. मार्विनला तो परिणाम इतका आवडला कीं त्यानें तो कायमचा स्वीकारला. एकच मनुष्य स्वतःशीं बोलत आहे, स्वतःलाच उत्तर देत आहे, असा भास त्यामुळें होतो. आरंभीं जे गप्पांचे आवाज ऐकूं येतात त्यांत डेट्रॉइटच्या फुटबॉल संघांतील मेल फार आणि लेम बार्नी या त्याच्या दोघां मित्रांचे आवाज आहेत.

गीत तयार झालें आणि मालकानें तें बाजारांत आणावयाचें नाकारलें. गॉर्डीचें म्हणणें व्यापाऱ्याचें होतें: प्रेमगीतांच्या नायकानें युद्धावर बोलूं नये, गिऱ्हाईक तुटेल. त्यावर मार्विननें तेंच केलें जें त्यानें विमानदलांत केलें होतें. हें गीत बाहेर पडेपर्यंत आपण दुसरें गाणार नाहीं, असें सांगून तो स्वस्थ बसला. अखेर जानेवारी १९७१ मध्यें संस्थेंतील अधिकाऱ्यांनीं मालकाच्या अनुमतीची वाट न पाहतां तें प्रसिद्ध केलें. कृष्णवर्णीयांच्या गीतांच्या यादींत तें पहिलें आलें आणि सर्वसाधारण यादींत दुसरें. गॉर्डीनें पुढें आपली चूक मोकळेपणानें कबूल केली; त्या वेळीं त्यानें ताबडतोब याच धर्तीवर संपूर्ण संग्रह करण्यास सांगितलें.

तो संग्रह मार्च १९७१ मध्यें मुख्यतः दहा दिवसांत तयार झाला आणि २१ मे रोजीं बाहेर पडला. डेव्हिड व्हॅन डी पिट यानें वाद्यवृंदाची रचना केली होती. नऊ गीतें, सुमारें ३५ मिनिटें, आणि एक गीत दुसऱ्यांत न थांबतां मिसळून जातें. या सर्वांतून बोलणारा मनुष्य म्हणजे व्हिएतनामहून घरीं आलेला एक सैनिक. दुसऱ्याच गीतांत तो ओळखीच्या माणसाला गांठून काम मिळेल का, जुनी मंडळी कोठें आहेत, खेळाचें काय चाललें आहे, असे अगदीं साधे प्रश्न विचारतो. हें गीत मार्विननें फ्रँकीला उद्देशून केलें. पुढें अमली द्रव्यांचें व्यसन, मुलांचें भवितव्य, विषारी झालेलें पाणी व हवा, आणि शेवटीं शहराच्या गरीब वस्तींतील कर, महागाई व पोलीस यांची व्यथा येते. युद्धावरून आलेल्या मनुष्याला स्वतःच्या गल्लींत दुसरें युद्ध दिसतें, असा या संग्रहाचा आशय थोडक्यांत सांगतां येईल.

व्यवसायाच्या दृष्टीनें आणखी एक गोष्ट येथें घडली. ज्या वादकांनीं दशकभर मोटाउनच्या असंख्य गाण्यांना साथ दिली, त्यांचीं नांवें वेष्टनावर छापण्याची रीत नव्हती. तीं या संग्रहावर प्रथम छापलीं गेलीं. यंत्रांतील भाग निनांवी असतात. कामांतील भागीदार तसे नसतात. संग्रहांतील तीन गीतें पहिल्या दहांत आलीं, आणि गायकानें आपल्या कामाचा कर्ता स्वतः असावें ही मागणी त्या संस्थेंत नाकारणें अवघड झालें. त्याच वर्षीं एकविसाव्या वर्षांत आलेल्या स्टीव्ही वंडर यानें आपला करार नव्यानें मांडून असेंच स्वातंत्र्य मिळविलें. १ मे १९७२ रोजीं वॉशिंग्टन शहरानें मार्विनचा सत्कार केला. तो आपल्या जुन्या शाळेंत जाऊन मुलांशीं बोलला आणि रात्रीं केनेडी सेंटरमध्यें, इतक्या काळानंतर, पुनः लोकांपुढें गाइला.

कथा येथें थांबली असती तर ती सुखान्त झाली असती. परंतु गाण्यांत जें उमगतें तें जगण्यांत उतरतेंच असें नाहीं. त्याच वर्षीं राजकारण्यांवर टीका करणारें एक नवें गीत त्यानें काढलें. तें अपेक्षेप्रमाणें चाललें नाहीं आणि त्याबरोबरचा संग्रह बासनांत गेला. तो २०१९ सालींच प्रसिद्ध झाला. मार्विन पुनः प्रेमगीतांकडे वळला. ॲनाशीं त्याचा विवाह मोडला आणि तडजोड अशी झाली कीं पुढील संग्रहाच्या उत्पन्नांतून तिचे पैसे द्यावे. तेव्हां त्यानें १९७८ सालीं त्या मोडलेल्या संसाराचीच कथा गाऊन ‘हिअर, माय डिअर’ हा संग्रह तिच्या हवालीं केला. घर विकून घराचें कर्ज फेडण्यासारखाच हा प्रकार! दुसरा विवाहहि टिकला नाहीं. कोकेनचें व्यसन वाढलें, प्राप्तिकराची थकबाकी डोईजड झाली, आणि १९८१ सालीं तो देश सोडून बेल्जममधील ऑस्टेंड या समुद्रकांठच्या गांवीं जाऊन राहिला. तेथें तो कांहीं काळ सांवरला, धांवूं-खेळूं लागला आणि १९८२ सालीं एका नव्या गीतानें पुनः कीर्तीच्या शिखरावर पोंचला. परतल्यावर फेब्रुवारी १९८३ मध्यें बास्केटबॉलच्या एका मोठ्या सामन्यापूर्वीं त्यानें राष्ट्रगीत आपल्या सोल ढंगानें गाइलें. ज्या देशाला त्यानें बारा वर्षांपूर्वीं जाब विचारला होता, त्याचेंच गीत त्यानें त्या दिवशीं प्रेमानें आळविलें.

परंतु परतला तो जुन्या घरींच. लॉस एंजेलिसमध्यें आईवडिलांसाठीं त्यानेंच एक घर घेतलें होतें. व्यसनानें पोखरलेला आणि भीतीनें ग्रासलेला मार्विन तेथें राहावयास आला. कोणी मारेकरी आपल्यावर येतील असें त्याला वाटे. म्हणून १९८३ च्या नाताळांत त्यानें वडिलांच्या हातीं संरक्षणासाठीं एक रिव्हॉल्व्हर दिलें. १ एप्रिल १९८४ रोजीं विम्याच्या एका हरवलेल्या कागदावरून वडील आईवर ओरडूं लागले. मुलगा मध्यें पडला आणि त्यानें वडिलांवर हात टाकला. वडील आपल्या खोलींत गेले, तें रिव्हॉल्व्हर घेऊन आले आणि त्यांनीं गोळ्या झाडल्या. दुसऱ्या दिवशीं मार्विनला ४५ वर्षें पूर्ण व्हावयाचीं होतीं. न्यायालयानें वडिलांना प्रत्यक्ष तुरुंगवास दिला नाहीं. सहा वर्षांची शिक्षा तहकूब ठेवून त्यांना देखरेखीखालीं ठेवण्यांत आलें. १९९८ सालीं त्यांचें निधन झालें.

बाप-लेकांच्या या शेवटावरून त्या गीताला कोणी भोळेपणाचा दोष देईल. दुसऱ्यांना समजुतीचा उपदेश करणाऱ्याला स्वतःच्या घरांत ती साधली नाहीं, असें म्हणणें सोपें आहे. परंतु अधिक न्यायाचा विचार असा कीं तें गीत उपदेश करीतच नव्हतें. ज्याला घरीं शांतता कधींच लाभली नाहीं, त्यानें ती किती मोलाची आहे हें ओळखून मागितलेली ती भीक होती. म्हणूनच ती खोटी वाटत नाहीं. अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयानें २००३ सालीं तो संग्रह जतन करावयाच्या ध्वनिमुद्रणांत समाविष्ट केला, आणि २०२० सालीं ‘रोलिंग स्टोन’ या नियतकालिकानें श्रेष्ठ अशा पांचशें संग्रहांत त्याला पहिलें स्थान दिलें. व्हिएतनामचें युद्ध १९७५ सालीं संपलें. गीत मात्र प्रत्येक नव्या युद्धाच्या वेळीं कोणाला तरी आठवतें.

गोळीबाराचा आवाज झाला तेव्हां जवळच राहणारा फ्रँकी धांवत आला आणि त्यानें भावाला कवटाळलें. ज्याच्या जिवाची घरीं सर्वांना धास्ती होती तो व्हिएतनामहून सुखरूप परतला होता, आणि जो घरीं राहून त्याच्यासाठीं गाइला तो घरच्याच गोळीनें गेला. फ्रँकीनें पुढें भावाच्या आठवणी लिहिल्या. २००१ सालीं तो वारल्यानंतर त्या पुस्तकरूपानें निघाल्या.